जुन्या पेट्या, डबे, करंडे: काचेआड ठेवायचे की वापरायचे?

चोरखण

पुण्यातले वाडे पुनर्विकासाला निघाले की सामानाची वाटणी ठरलेली असते. तांब्या-पितळेची भांडी मोडीत, दारं आणि खांब हॉटेलवाल्यांकडे, पुस्तकं रद्दीत. पेट्या आणि डब्यांचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही, म्हणून ते आधी माळ्यावर आणि तिथून बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जातात. गेली बरीच वर्षं मी तिथून आणि नातेवाइकांच्या माळ्यांवरून अशा पेट्या गोळा करतोय. मोठा संग्रह नाही. पण जे आहे ते सगळं घरात रोज हाताळलं जातं, आणि त्यावरून माझं एक ठाम मत झालंय: पेटी वापरात असली की टिकते. काचेच्या कपाटात ठेवलेली पेटी वर्षभर कुणी उघडत नाही आणि कीड लागली तर पुढच्या दिवाळीला कळतं. मात्र वापर करायचा तो तिच्या चालीने, आपल्या नव्हे.

म्हणजे काय ते उदाहरणाने सांगतो. बायकांची फणीकरंड्याची पेटी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. शिसवी किंवा सागवानी, वरचं झाकण उचललं की आतल्या बाजूला आरसा, तो तिरका टेकवायची सोय, खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ यांचे खण. हौसेने विकत घेणारे लोक ती ड्रेसिंग टेबलावर ठेवतात आणि मग तक्रार करतात की आरशात हनुवटीच दिसते. दिसणारच. ती पेटी जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला बेतलेली आहे. आमच्याकडे ती खिडकीच्या बुटक्या कट्ट्यावर आहे, समोर पाट. मुलगी तिथे बसून केस विंचरते. करंड्यात टिकल्या, मेणाच्या डबीत कानातली.

हिशेबनिसाचं उतरतं डेस्कही तसंच. त्याच्या उतरत्या झाकणावर खालच्या कडेला एक पट्टी असते, चोपडी घसरू नये म्हणून. लॅपटॉप तिथे छान बसतो, मांडी घालून काम करता येतं. फक्त लॅपटॉपच्या बुडाची धग जुन्या चपड्याच्या (म्हणजे लाखेच्या) पॉलिशला सोसत नाही, खाली जाड नमदा किंवा बुचाचा तक्ता हवाच. डेस्कचं पोट रिकामं असतं, तिथे चार्जर आणि वायरींचं जंजाळ जातं. कारकुनाने त्यात दौत, टाक आणि वाळूची डबी ठेवली होती, आम्ही हे ठेवतो.

पितळी पानाच्या डब्याला माझ्या मते शिवणाच्या सामानाइतकं चांगलं दुसरं काम नाही. वरच्या ताटलीतल्या वाट्या चुना, कात, सुपारी, लवंगा यांच्यासाठी होत्या, त्यांत आता बटणं, हूक, टाचण्या. खालच्या पोटात ओल्या फडक्यात पानं असायची, तिथे रिळं. जाळीचं झाकण असलेला डबा मिळाला तर उत्तमच, पानांना हवा लागावी म्हणून केलेली ती जाळी. एकच पथ्य: रबरबँड आत टाकू नका. रबरातल्या गंधकाने पितळ काळवंडतं आणि चांदीची तर वाटच लागते.

आणि पत्र्याचे चित्रवाले डबे. ग्वाल्हेरच्या जे. बी. मंघाराम बिस्किटांचे देवादिकांची चित्रं असलेले डबे अनेकांच्या आज्यांकडे असतील. कंपनी मूळची सिंधमधली, फाळणीनंतर ग्वाल्हेरला आली. बिस्किटं दोन दिवसांत संपली आणि डबे पन्नास-साठ वर्षं टिकले, कारण झाकणावरच्या बाळकृष्णाला मोडीत घालायला कुणाचा हात धजावला नाही. पत्र्यावर असं रंगीत चित्र छापायची ऑफसेट पद्धत लंडनच्या रॉबर्ट बार्कलेने १८७५ मध्ये पेटंट केली, कागदावर ऑफसेट आलं ते त्याच्याही नंतर. त्या डब्यांत मी पत्रं आणि जुने फोटो ठेवत नाही, त्याचं कारण पुढे कुणी विचारलं तर सांगेन.

ज्यांना मुळात काय काय प्रकार होते ते पाहायचंय त्यांनी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. चष्म्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने अडकित्ते, दिवे, कुलपं, डब्या असं घरगुती सामान हयातभर जमवलं, ज्याला त्या काळी कुणी कलावस्तू म्हणत नव्हतं.

तर, तुमच्याकडे काय आहे आणि ते कुठल्या कामाला लावलंत?

बिऱ्हाडकरू

वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. आमच्या घरी नियम आहे, एक डबा आत आला की एक डबा बाहेर. सध्या मी बाहेर जायच्या बेतात आहे. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तांबडं पितळ

लेख आवडला. पण तुम्ही लोक जुनं पितळ काळं ठेवता, त्याला 'पॅटिना' म्हणता आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजता, हे मला कधी झेपलं नाही. आमच्या आजीच्या घरात पितळ रोज चिंच आणि राखेने घासलं जायचं. काळा डबा दिसला की शेजारीण विचारायची, घरात कुणी आजारी आहे का. त्या वस्तूंचं खरं रूप लखलखीत होतं. आता परदेशी लिलावांच्या कॅटलॉगमध्ये बघून आपण आपलीच भांडी मळकट ठेवायला शिकलो.

चोरखण

@तांबडं पितळ, साध्या पितळेबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. पानाचा डबा, समई, गडू घासा. आम्हीही घासतो. दोन अटी फक्त. चिंच लावून तासभर ठेवायची नाही, आम्लाने पितळेतलं जस्त आधी जातं आणि वर तांब्याचा गुलाबी डाग राहतो. आणि कोरीव नक्षी असेल तर तारेची घासणी लांब, कारण नक्षीच्या कडा एकदा बोथट झाल्या की परत येत नाहीत. तुमच्या आजीने चिंच-राखेला नारळाची शेंडी वापरली असेल, तारेचा काथ्या नव्हे.

मी घासू नका म्हणतो ते दुसऱ्या मालाबद्दल. बिदरीचा डबा चिंचेने घासून पांढरा केलेला मी स्वतः पाहिलाय. बिदरीचं काळेपण हा मळ नसतो. जस्तात थोडं तांबं घालून ओतकाम करतात, त्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून ते भांडं त्यात काळं करतात. ती माती जस्त काळं करते आणि चांदीला हात लावत नाही. म्हणजे कारागिराने मुद्दाम आणलेलं काळेपण आपण पितांबरीने उडवायचं! बिदरीला खोबरेल तेलाचं बोट आणि मऊ फडकं, बास.

तांबडं पितळ

हे पटलं. अवांतर: झाकण चेपलेले डबे फेकू नका. कसब्यातल्या तांबट आळीत अजून हाताने ठोकून काम करणारे आहेत, मठाराच्या कामाच्या (हातोडीच्या ठोक्यांच्या) खुणा जुळवून देतात. आतून कल्हई करून घेतली तर सुपारी-वेलदोडे ठेवायलाही डबा चालतो. बिनकल्हईच्या पितळेत आंबट काही नको, एवढं आज्यांनाही ठाऊक होतं.

माहीमचा पाहुणा

आमच्या इमारतीत एक पारशी आजीबाई राहायच्या. त्यांच्याकडे हातरुमालांची एक लहान पेटी होती. लांबून कापडावर बारीक छाप मारल्यासारखं काम, जवळून पाहिलं की एकेक ठिपका वेगळ्या पदार्थाचा. नंतर कळलं की याला सादेली म्हणतात आणि परदेशात अशा पेट्यांना 'बॉम्बे बॉक्स' असंच नाव आहे. कुणाला याबद्दल जास्त माहिती आहे का? भाऊ दाजी लाड संग्रहालयात तसलं काम पाहिल्यासारखं आठवतं.

शिसवी

मी थोडं सांगू शकते, लाकडी जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचं काम करते.

सादेलीचं मूळ इराणात, शिराझकडे. तिथून सिंधमार्गे ही कला सुरतेला आणि मग मुंबईत आली, आणि इथे त्यात पारशी कारागीर बरेच होते. पद्धत अशी: हस्तिदंत, आबनूस, हिरवं रंगवलेलं हाड किंवा शिंग, चंदन आणि कथिलासारखा धातू यांच्या लांब, बारीक त्रिकोणी कांड्या करायच्या. त्या सरसाने एकत्र चिकटवून जुडी बांधायची, अशी की टोकाकडून पाहिलं तर चांदणी किंवा षट्कोन दिसेल. मग ती जुडी आडवी कापायची. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. त्या पातळ चकत्या चंदनाच्या पेटीवर शेजारी शेजारी चिकटवायच्या. म्हणून नक्षी इतकी बिनचूक सारखी दिसते, हाताने एकेक तुकडा बसवलेला नसतो. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे काम गेलं आणि साहेबांच्या बायकांनी व्हिजिटिंग कार्डाच्या डब्या, शिवणाच्या पेट्या, लिहिण्याच्या पेट्या मागवायला सुरुवात केली. त्यामुळे आकार विलायती आणि काम मुंबईचं अशी ती गंमत आहे.

आता वापराचं. या पेट्यांना ओलं फडकं कधीही लावू नका. सरस पाण्याने सुटतो. हस्तिदंत आणि लाकूड दमट हवेत वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात आणि धातू तसा हलत नाही, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर आणि उन्हाळ्यात एसीच्या झोतासमोर असं दोन-तीन वर्षं केलंत की तुकडे उडायला लागतात. चंदनाला तेल, पॉलिश काही लावायचं नाही. आत हातरुमालच ठेवा, त्या कामासाठीच ती आहे.

आणि धागाकर्त्यांच्या पॉलिशच्या मुद्द्याला पुष्टी: जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. स्पिरिट लागलं की तो पुन्हा विरघळतो. करोनाच्या दोन वर्षांत सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवून लोकांनी जितकी पेट्यांची झाकणं घालवली तितकी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अत्तराच्या बाटलीनेही तेच होतं. गरम कपाने पांढरं कडं उमटतं. जुनी पेटी 'नवीन' करायला सुताराकडे दिलीत तर तो आधी सगळं खरवडून पॉलिश पेपर मारेल आणि वर चकचकीत मेलामाइन फवारेल. शंभर वर्षांचा हात लागून आलेला रंग एका दुपारी जातो. मधमाशीच्या मेणाचा पातळ थर आणि सुती फडकं, यापुढे घरी काही करू नका.

सावंतवाडकर

आमच्या सावंतवाडीचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून खास लॉगिन झालो.

गंजिफा, म्हणजे खेळायचे रंगवलेले गोल पत्ते, घरात नसली तरी तिची पेटी पुष्कळ जुन्या घरांत सापडते. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडू लावून, घोटून, रंगवून वर लाख. ते सगळं ज्या पेटीत राहायचं तिचं झाकण सरकतं असतं आणि बाजूंवरही चित्रं. पत्ते हरवतात, पेटी राहते, कारण मुलांनी तिच्यात गोट्या भरलेल्या असतात.

ही कला जवळपास संपली होती. आमच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चितारी बसवून ती पुन्हा उभी केली. आजही राजवाड्याच्या दरबारात रंगकाम करणारे बसलेले दिसतात आणि गंजिफेबरोबर रंगवलेल्या डब्या, पाट, पेट्या विकत मिळतात. जुन्याच्या मागे लागण्यापेक्षा चांगली नवी घ्या, असं माझं मत. चितारी जगला तर पन्नास वर्षांनी तीच जुनी होईल. लाखेच्या वस्तू उन्हात ठेवू नका, एवढं सांगतो. लाख मऊ होते आणि झाकण चिकटून बसतं, मग जोर लावला की रंगासकट निघतं.

चोरखण

@सावंतवाडकर, +१. माझ्या गंजिफेच्या पेटीत घराच्या जादा किल्ल्या आहेत. सरकतं झाकण असल्याने लहान मुलांना पटकन उघडता येत नाही, हा फायदा.

रविवारचा ग्राहक

मला मदत हवी आहे. एका विक्रेत्याने 'पेशवेकालीन खजिन्याची पेटी' दाखवली आहे. सागवान, पितळी पट्ट्या, आत चोरकप्पा. किंमत ऐकून घाम फुटला. फोटो टाकलेत. घ्यावी का?

शिसवी

तिसरा फोटो मोठा करून बघा. बिजागरीचे स्क्रू अधिकच्या चिन्हाच्या खाचेचे आहेत. ती फिलिप्स खाच, १९३० च्या दशकातली. तो बाजीराव कुठला?

रविवारचा ग्राहक

विक्रेता म्हणतो बिजागरी नंतर बदलली.

शिसवी

बदललेली असू शकते, होतं तसं. मग जुन्या बिजागरीची खाच आणि खिळ्यांची भोकं शेजारी दिसायला हवीत. ती बुजवलेली तरी दिसतील. इथे लाकूड कोरं आहे.

घेताना कुणीही बघावं असं थोडं सांगते. पेटी उलटी करा. बुडाच्या फळीवर यंत्राच्या गोल करवतीचे कमानीसारखे ओरखडे आहेत की हाताच्या रंध्याच्या किंचित उंचसखल लाटा? स्क्रू एखादा निघत असेल तर काढून बघा. साधारण १८५० च्या आधीच्या स्क्रूला पुढे टोक नसतं, ते बोथट कापलेले असतात. मग झीज. खरी झीज जिथे हात पडतो तिथे असते: झाकणाच्या पुढच्या कडेला, कडीखाली, बुडाच्या चार कोपऱ्यांवर. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल आणि खणाच्या आतल्या कोपऱ्यातही तोच रंग असेल तर तो चहाच्या पाण्याचा, बूट पॉलिशचा किंवा अमोनियाच्या वाफेचा आहे. नाक लावा, बुटाचं पॉलिश बरेच महिने वास सोडत नाही. पितळी पट्ट्यांची कडा दाबयंत्राने कापल्यासारखी सरळसोट असली की मुरादाबादचा, म्हणजे पितळी मालाच्या शहरातला, नवा माल समजा. मुरादाबादी काम वाईट नाही, पण त्याला मुरादाबादचेच पैसे द्यावेत.

कुलपावर गोदरेजचं नाव असेल तर उलट आनंद माना, निदान तारीख तरी कळते. अर्देशीर गोदरेजनी कुलपं करायला सुरुवात केली १८९७ मध्ये, पेटी किंवा निदान कुलूप त्यानंतरचं.

चोरकप्प्याने भुलू नका. तो करायला सुताराला अर्धा दिवस लागतो आणि किंमत दुप्पट होते.

रविवारचा ग्राहक

आभारी आहे. विक्रेत्याने आता तिला 'ब्रिटिशकालीन' केलं आहे. किंमत तीच.

बिऱ्हाडकरू

पुढच्या रविवारपर्यंत थांबा, संयुक्त महाराष्ट्रकालीन होईल.

लेस्टरची वैनी

इकडे इंग्लंडात रविवारच्या कार बूट बाजारांत (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात ते) आणि लहान लिलावांत चहाच्या जुन्या पेट्या पुष्कळ मिळतात. दोन खण, एक हिरव्या आणि एक काळ्या चहासाठी, मध्ये काचेचं भांडं, आणि कुलूप. चहाला कुलूप का, तर तो महाग होता. १७८४ च्या कायद्याने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणेपर्यंत किल्ली घरच्या बाईच्या कमरेला असायची. आपल्याकडे तुपाच्या कपाटाची असायची तशी. मी माझी पेटी मसाल्याच्या पुड्यांसाठी वापरणार होते, पण आत राखाडी धातूचा पत्रा चिकटवलेला आहे. चालेल का?

दुसरं, इथे एक सादेलीची पेटी लिलावात आहे. परत आपल्या मुंबईला आणावी असं फार वाटतंय.

प्रयोगशाळा

वैनी, मसाला नको. तो पत्रा बहुतेक शिशाचा किंवा शिसं-कथिलाच्या मिश्रणाचा आहे, चहा कोरडा राहावा म्हणून लावत. खाण्याचं काहीही त्यात थेट ठेवू नका. टी-बॅग बंद पाकिटातल्या असतील तर ठीक.

धागाकर्त्यांनी पत्र्याच्या डब्यांचं कारण राखून ठेवलंय ते मीच सांगतो. जुन्या डब्यांचे सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असत आणि रंगातही शिसं असण्याची शक्यता पुष्कळ. त्यामुळे चकल्या-लाडू त्यात थेट नकोत, आत वेगळी बरणी ठेवा. फोटो-पत्रं नकोत ती गंजामुळे. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम येतो, कागदाला तांबडे डाग पडतात. रंग उडालेल्या जागी मेणाचा हात फिरवला तर गंज पुढे सरकत नाही. बटणं, खडू, पणत्यांच्या वाती, क्रिकेटचे बेल्स, असलं सगळं चालतं.

आणखी दोन धोके. कुंकवाच्या करंड्यांत कधी कधी तळाशी नारिंगी-तांबडी कठीण खपली असते. तो शेंदूर असू शकतो, म्हणजे पुन्हा शिसंच. नखाने खरवडू नका, ओल्या कापसाने पुसून कापूस टाकून द्या आणि हात धुवा. लहान मुलीच्या हाती करंडा देण्याआधी हे करा.

दुसरा धोका कासवाच्या पाठीसारख्या किंवा हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या पावडरच्या डब्यांचा आणि फण्यांचा. बऱ्याचदा ते सेल्युलॉइड असतं. अंगठ्याने जोरात घासा, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ते जुनं होऊ लागलं की आम्ल वाफा सोडतं, शेजारच्या धातूच्या वस्तू गंजतात आणि स्वतःला भेगा पडतात. एकाला ही लागण झाली की शेजारच्यालाही होते, म्हणून वेगळं आणि हवेशीर ठेवा, बंद खणात नको. समईच्या आसपास तर अजिबात नको, ते भडकन पेटतं. काही लोक तापलेली सुई टोचून हस्तिदंताची परीक्षा करायला सांगतात. तसलं करू नका, सेल्युलॉइड निघालं तर पडदे जातील. त्यापेक्षा भिंग घ्या. आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसली तर हस्तिदंत, बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड.

वकीलकाकू

लेस्टरच्या वैनी, ती सादेली पेटी लिलावातच राहू द्या, नाहीतर दोन्ही देशांचे कायदे आपल्या मागे लागतील.

तिकडे ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ च्या आधीची आणि दहा टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेली वस्तू नोंदणी करून विकता येते, बाकी बहुतेक विक्री बंद. लिलावघराने ती नोंदणी केली आहे का ते आधी विचारायला हवं. आणि विकत मिळाली तरी देशाबाहेर नेणं हा वेगळा मामला, वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागतो. भारतात तर आयात हस्तिदंताचा व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. घरी वारशाने आलेली वस्तू ठेवता येते, पण वन्यजीव कायद्यानुसार वारसाने ९० दिवसांत वनखात्याकडे ती जाहीर करायची असते. विकायची नाही, भेटही द्यायची नाही. हॉक्सबिल कासवाच्या कवचालाही हीच वागणूक.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून बाहेर: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. आजीची फणीकरंड्याची पेटी लेकीबरोबर अमेरिकेला धाडण्याआधी हे लक्षात घ्या. शंभरहून कमी वयाची आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घेता येतो. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते बरं. आणि जुन्या वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो. हौशी लोकांनी दोन डबे घेतले-दिले की नंतर नकळत दुकानदारी सुरू होते, म्हणून सांगून ठेवते.

लेस्टरची वैनी

बाप रे. काकू, आभार. पेटीला लांबूनच नमस्कार. चहाच्या पेटीत आता शिवणाचे दोरे.

अडगळ

पेटीखाली पिवळसर बारीक भुकटी पडलेली दिसली. वाळवी का? रॉकेल सोडू का?

शिसवी

वाळवी नव्हे, भुंगेरा. वाळवी मातीच्या नळ्या करते. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली भुकटी म्हणजे भुंगेरा, आणि भुकटी ताजी असेल तर तो अजून आत आहे. पुसून खाली काळा कागद ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. रॉकेलने डाग पडतो, घरात पेटती समई असते आणि खोल बसलेली अळी मरत नाही ती नाहीच. पेटी लहान आणि साध्या लाकडाची असेल तर हवाबंद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर लाकडाला घाम फुटतो. जडावाची, लाखेची, आरशाची किंवा रंगवलेली पेटी फ्रीजरमध्ये मुळीच नको, ती जाणकाराकडे न्या. तोपर्यंत बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

अडगळ

फ्रीजरमध्ये सध्या मटार आहेत. वाटाघाटी सुरू करतो.

बिऱ्हाडकरू

एक गंभीर प्रश्न, खरंच. सासऱ्यांच्या घरून एक पेटी आली आहे. कुलूपबंद, किल्ली कुणाकडेच नाही. हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. मेहुणा म्हणतो पेचकसने उचकटू.

चोरखण

मेहुण्याला चहा पाजून परत पाठवा. उचकटलेल्या पेटीचं तोंड कायमचं वाकडं होतं.

आधी कुलपाच्या भोकात शिसपेन्सिलीची पूड सोडा. तेल नको, तेलाने धूळ चिकटून गोळा होतो. मग घरातल्या सगळ्या जुन्या कपाटांच्या किल्ल्या लावून बघा. जुन्या साध्या पेट्यांच्या कुलपांत फार बुद्धी नसते, शेजारच्या कपाटाची किल्ली लागून जाते. नाहीच लागली तर जुन्या पद्धतीचा किल्लीवाला शोधा. तो कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळीने काळी करतो, भोकात घालून फिरवतो, जिथे काजळी पुसली जाते तिथे कानस मारतो, पुन्हा घालतो. अर्ध्या तासाचं काम. पेटीला धक्काही लागत नाही आणि किल्ली कायमची मिळते. बिजागरीचे स्क्रू बाहेरून असतील तर तेही काढता येतात, पण जुन्या स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच पेचकस घ्या, नाहीतर खाच जाते.

बिऱ्हाडकरू

किल्लीवाला मिळाला, रविवार पेठेत. उघडली. आत एक अडकित्ता, सुपारीची तीन खांडं, मोडी लिपीतली एक चिठ्ठी आणि अजून एक लहान डबी. ती पण कुलूपबंद.

बायकोने विचारलंय की आता ही मोजायची एक पेटी की दोन.

वकीलकाकू

एक. आतली पोटनियमात बसते. आणि ती मोडी चिठ्ठी उन्हात वाळत घालू नका, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवून इथे फोटो टाका, वाचणारे आहेत.